कोदो आणि तीन शिट्ट्या

पुण्याच्या लोकांना दर वेळी सांगावं लागतं, की ते उत्तर प्रदेशातलं गोरखपूर नव्हे, जबलपूरमधलं. आमचं गोरखपूर म्हणजे शहरातली एक वस्ती. गुरुद्वारा, कापडाची दुकानं, संध्याकाळी मंगोड्यांच्या, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांच्या, कढईभोवती गर्दी आणि छोटी लाईन फाटक. छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, २०१५ साली बंद झाली, फाटकाचं नाव तेवढं राहिलं. माझं माहेर बालाघाट. लग्न होऊन २००३ साली मी त्याच छोट्या लाईनने हाऊबाग स्टेशनवर उतरले ती चिन्नोर तांदळाचं एक पोतं घेऊन. आईने सांगितलं होतं, तिकडे गहूच गहू, भाताशिवाय तुझं कसं होणार? डब्यात माझ्या शेजारी घनसौरला चढलेली एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. उतरताना तिने दोन फळं माझ्या ओटीत टाकली. खेड्यात चांगलंचुंगलं पिकतं आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हा माझा समज त्या टोपलीपासूनचा.

हा समज चुकीचा आहे हे कळायला वीस वर्षं आणि एक स्थलांतर लागलं.

सासऱ्यांनी गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर मंडला रस्त्याला, बरेला ओलांडून पुढे, अर्धा एकर जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. ते गेल्यावर त्या खोल्यांना कुलूपच होतं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. सासूबाईंची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर गेली, आणि माझ्या पाठीमागे डॉक्टरांनी नवऱ्याला ‘चरबीयुक्त यकृत’ असा शब्द ऐकवला. घरी येऊन तो नुसता ‘जरा वजन कमी कर म्हणाले’ एवढंच बोलला. रिपोर्ट मला आठ दिवसांनी गादीखाली सापडला. माझं हिशेबाचं काम घरून चालतं. मुलगी पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, मुलगा नववीत जाणार होता. गावाबाहेरून स्कूलबस जाते. एप्रिल २०२३ मध्ये आम्ही टेम्पोत सामान भरलं. त्या वर्षी जिकडेतिकडे भरडधान्यांचा गजर चालला होता, संयुक्त राष्ट्रांनी ते वर्षच त्यांच्या नावाने जाहीर केलं होतं. मला वाटलं, मुहूर्त चांगला आहे.

पहिल्या आठवड्यातच कळलं, की गावात भाजी मिळत नाही. म्हणजे मिळते, पण हाट भरतो आठवड्यातून एकदा आणि तिथली फुलकोबी जबलपूरच्या मंडीतूनच आलेली असते. जी भाजी मी गोरखपुरात सकाळी आणत होते, तीच आता बावीस किलोमीटर प्रवास करून, मान टाकून आमच्याकडे येत होती. हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या पाटण-शहापुऱ्याचा मटार गाड्या भरभरून देशभर जातो, पण या बाजूला तोही शहरातूनच फिरून येतो. घरापासून चाळीस पावलांवर किराण्याचं एक दुकान. दाराला पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या वेफर आणि कुरकुऱ्यांच्या पुड्यांच्या माळा. गोरखपुरात मुलगी रस्ता ओलांडून एकटी दुकानात जात नसे. इथे रस्ता नाही, भीती नाही, गावातली सगळी पोरं शाळा सुटल्यावर तिथेच. पहिल्या दोन महिन्यांत तिने जितक्या पुड्या संपवल्या तितक्या आधीच्या दोन वर्षांत संपवल्या नसतील. आणि मी ‘गावी गेल्यावर मुलं मोकळ्या हवेत खेळतील’ म्हणत होते! खेळत होती, हातात पुडी धरून.

जेवणाच्या वेळांनी दुसरा तिढा घातला. गावात दिवे लागले की ब्यारी, म्हणजे रात्रीचं जेवण. साडेसातला सगळी भांडी घासून पालथी. सासूबाईंना गोळी घेतल्यावर लगेच जेवावं लागतं, म्हणून त्यांना हे मानवलं. मुलगी झोपाळू, तिलाही. मुलाला नऊशिवाय भूक नाही. नवरा बँकेतून निघून मोटारसायकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ. म्हणजे रात्रीचं जेवण तीन हप्त्यांत. पोळ्या करायला मी तीनदा ओट्याशी उभी. गोरखपुरात आम्ही पाच जण एका वेळी जेवत होतो, भले जेवणात काहीही असो. इथे ताटात सगळं शास्त्रशुद्ध आणि ताटाभोवती कोणी नाही.

त्यातून नवऱ्याचं वजन कमी होईना. रात्री अर्धी पोळी खाऊन उठायचा, ‘भूक नाही’ म्हणायचा. मला आधी काळजी वाटली, मग कौतुक. जुलैतल्या एका रविवारी मोटारसायकलच्या डिक्कीत पंक्चरचं सामान शोधताना चौकोनी घडी घातलेले वर्तमानपत्राचे तुकडे हाताला लागले. सात-आठ असतील. तेलाने पारदर्शक झालेले, एका कोपऱ्यात हिरव्या चटणीचा वाळलेला ठसा, एकाला मुगाच्या डाळीचा कण चिकटलेला. दोन वाक्यांच्या मधून पलीकडचं बोट दिसावं इतका कागद तेल प्यायलेला. बँक सुटली की हा आधी गोरखपुरात जाऊन मंगोडे खात होता आणि मग घरी येत होता. कचऱ्यात टाकले तर दिसतील म्हणून कागद डिक्कीत. मी ते सगळे ओट्यावर ओळीने मांडले. काही बोलले नाही. तोही बोलला नाही. सासूबाई मात्र चष्मा लावून एकेक कागद बघत म्हणाल्या, “अगं, यातला एकही माझ्यासाठी आणावासा वाटला नाही याला?”

भरडधान्यांपैकी कोदो घरात आला तो या सगळ्यानंतर. शेजारच्या काकी गोंड आहेत. त्यांची दोन एकर उताराची, मुरमाड जमीन. तिथे दुसरं काही धड येत नाही म्हणून कोदो-कुटकी. मी उत्साहाने पाच किलो कोदो विकत मागितला तेव्हा त्यांनी तो दिला, पण माझ्याकडे बघितलं ते जरा दयेनेच. मी तो धुतला, कुकरला लावला, तीन शिट्ट्या केल्या. पानात वाढला. पहिल्या घासाला मुलगा खोकत उठला. नवऱ्याने दाताखालून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. ‘पौष्टिक आहे’ म्हणत मी दोन घास रेटले आणि घशात वाळूचा कागद फिरवल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी काकी पोट धरून हसल्या. “ऐसे नईं चुरत, बाई,” म्हणाल्या. मी सालासकट शिजवला होता.

कोदोच्या दाण्याला एकावर एक, घट्ट चिकटलेली सालं असतात. भाताच्या गिरणीत तो नीट सुटत नाही, दगडाच्या जात्यात चुरा होतो. काकींकडे त्यासाठी वेगळं, मातीचं, हलकं जातं आहे. त्यावर एकदा भरडायचा, सुपाने पाखडायचा, उखळात कांडायचा, परत पाखडायचा, आणि दाणा करडा-पांढरा दिसेपर्यंत हेच. सासूबाई कोकणातल्या, राजापूरकडच्या. पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्यांनी सूप हातात घेतलं, आणि मला वाटलं होतं की हात थरथरतील. मनगटाचा एकच हलका झटका, दाणा मागे, कोंडा पुढे, वाऱ्याची दिशा बघून अंगाची किंचित तिरकी बैठक. काकी बघतच राहिल्या. त्या दिवसापासून दोघींचं जुळलं ते इतकं, की एक तोडकंमोडकं हिंदी बोलते, दुसरी बुंदेली, आणि दुपारचे दोन तास मला घरात कोणी विचारत नाही.

पाच किलो कोदो सडायला आम्हा तिघींची जवळजवळ अख्खी सकाळ गेली. हात भरून आले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की कोदो गावातल्या ताटांतून का गेला. भाषणांत ‘लोक आपलं पारंपरिक अन्न विसरले’ असं म्हणतात. विसरलं कोणी नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, तेही आता फुकट. तांदूळ निवडला, धुतला, तीन शिट्ट्या, जेवण. ज्या बाईला पहाटे मोहफुलं वेचायची, मग मजुरीला जायचं, तिने रोज तासभर कांडत का बसावं? जेव्हा बसत होती तेव्हा तिला विचारून कोणी बसवत नव्हतं. मी शहरातून येऊन तिच्याकडून ‘सुपरफूड’ म्हणून कोदो विकत घेते आणि ती त्या पैशांत तेलाची पिशवी आणते. दोघींपैकी मूर्ख कोण, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

सरकारलाही कोदोची आठवण झाली होती. ३ जानेवारी २०२४ ला जबलपुरात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि कोदो-कुटकीच्या शेतकऱ्यांना किलोमागे दहा रुपये जादा देण्याची योजना मंजूर झाली, राणी दुर्गावतीच्या नावाने. राणीची समाधी आमच्याच बाजूला आहे, नर्रई नाल्याजवळ. १५६४ मध्ये मोगलांशी लढताना ती तिथे पडली. दर २४ जूनला तिकडे गर्दी असते. काकींना योजना वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, दहा रुपये ठीक आहेत, कांडायचं यंत्र कुठे आहे ते लिहिलंय का?

आमच्या घरात कोदोचं काय झालं, तर आधी अतिरेक झाला. एकास सव्वादोन पाणी, अर्धा तास भिजवून, मंद आचेवर झाकण ठेवून केला की तो मोकळा आणि खरंच चवदार होतो. सासूबाईंनी त्याला औषधाचा दर्जा दिला. भात एक वाटी खायच्या तिथे कोदो तीन वाट्या, वर वरण, वर तूप. महिन्याने साखर तपासली तर २४०. “हे तर साखर उतरवतं ना?” मला म्हणाल्या, जणू मीच हमी लिहून दिली होती. कोदोत तांदळापेक्षा तंतू जास्त, पण पिष्ट आहेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दिवसभराच्या ताटात धान्य साधारण २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम सांगितल्या आहेत. मी एक दिवस आमचं ताट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. आकडे बरोबर उलटे निघाले.

भाजीचा प्रश्न सुटला तो पावसाळ्यात, आणि तो मी नाही सोडवला. कुंपणाबाहेर गुडघाभर हिरवं माजलं होतं. मी गडी लावून काढून टाकणार, तेवढ्यात सासूबाई काठी टेकत तिथे गेल्या, एक पान खुडून चुरगाळलं, नाकाशी नेलं. “अगं, हा टाकळा!” लग्नानंतर जबलपुरात आल्यापासून त्यांनी टाकळा खाल्ला नव्हता. शहरात तो कुठे शोधणार! काकी त्याला चकौडा म्हणतात. कोवळी पानं, लसूण, कांदा, वर थोडं खोबरं. मुलांनी तोंडं वाकडी केली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली, आणि या वेळी मी अडवलं नाही. पाठोपाठ चेंचेची पालेभाजी आली, दारच्या शेवग्याचा पाला आला. मग एक दिवस काकी पातळ काहीतरी तांब्यातून घेऊन आल्या, म्हणाल्या पेज आहे. सासूबाई उठूनच बसल्या. कोकणातली तांदळाची पेज आणि सातपुड्यातली कोदो-मक्याची पेज, नावात एका अक्षराचा फरक नाही. आता सकाळी आमच्याकडे तीच असते, सोबत लोणच्याची फोड. मुलगा ‘गोंद’ म्हणतो, पण पितो.

वेळांचं गणित मात्र अर्धंच जमलं. संध्याकाळी साडेसहाला खायला मुगाचं धिरडं किंवा भाजलेले शेंगदाणे-चणे डब्यातून नवऱ्याबरोबर बँकेत सकाळीच जातात, म्हणजे सुटल्यावर पोट रिकामं नसतं. मंगोडे शनिवारी, सगळ्यांसाठी, उघडपणे. थंड होऊन येतात म्हणून तो तक्रार करतो. आम्ही तव्यावर गरम करून खातो. रात्री एकत्र जेवण फक्त शनिवार-रविवार. बाकीच्या दिवशी तो जेवताना मी समोर बसते, पेंगत. मुलीच्या पुड्या आठवड्याला दोनवर आल्या आहेत. ही तिने सांगितलेली संख्या आहे.

२०२४ च्या दिवाळीत एक घबराट झाली. बांधवगडमध्ये तीन दिवसांत दहा हत्ती मेले, कोदो खाऊन. सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. नणंदेचा पुण्याहून फोन, आईला काय खाऊ घालतेस म्हणून. पुढे तपासणीत सायक्लोपायझोनिक ॲसिड नावाचं विष निघालं, ते बुरशी लागलेल्या कोदोत तयार होतं. काकींना हे नाव माहीत नव्हतं, कोदो माहीत होता. कापणीच्या वेळी पाऊस लागला, ओल राहिली, की तो ‘मतौना’ होतो, खाणाऱ्याला झिंग आणतो, म्हणाल्या. म्हणून त्या नवा कोदो हात लावून, वास घेऊन, खणखणीत वाळवून ठेवतात आणि जुना आधी खातात. आमच्या डब्यातला आदल्या वर्षीचा होता. तो त्यांनी मूठभर घेऊन दातांखाली चावून बघितला आणि मान हलवली. सासूबाईंनी वाटी परत उचलली.

भाऊबीजेनंतर काकी, त्यांची लेक आणि जावई पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले. मी दोन दिवस तयारी करत होते. कोदोची खिचडी, शेवग्याच्या पाल्याची डाळ, टाकळ्याच्या सुकवलेल्या पानांची भाजी, तिळाची चटणी. सगळं त्यांच्याच रानातलं, मनात म्हटलं, किती बरं वाटेल त्यांना. पानं वाढली. जावई गप्प बसून राहिला. लेकीने आईकडे बघितलं. काकींनी खिचडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “बाई, घर में चाउर नइयां का?”

मी आत गेले. माहेरचं चिन्नोर होतं, सणासाठी राखून ठेवलेलं. दोन वाट्या धुतलं आणि कुकरला लावलं. पहिल्या शिट्टीबरोबर वास बाहेरच्या खोलीत गेला असावा, कारण बोलणं सुरू झालेलं ऐकू आलं.