ह्याला कोण हात लावलाय?

पावसाचं पाणी जितक्या लवकर पाइपात घालता येईल तितकं बरं, या समजुतीवर मी अख्खी नोकरी काढली. उतार, व्यास, चेंबर, जाळी एवढाच माझा प्रांत. ‘स्पंज शहर’, ‘पर्जन्य बाग’ या पाऊस जागीच जिरवायच्या कल्पना मला परिषदेतल्या चहाच्या वेळी बोलायचे विषय वाटत. पुण्यात तर हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता: खाली काळा पाषाण, पाणी मुरणार कुठं?

त्यामुळे पार्किंगच्या कडेला पाणी जिरवायचा वाफा करायचं निघालं, तेव्हा सोसायटीच्या सभेत मी कडाडून विरोध केला. कल्पना मांडणारी मुलगी आमच्याच इमारतीतली, लँडस्केप आर्किटेक्ट. “काका, सगळं मुरायला नकोच आहे. थोडा वेळ थांबलं तरी गटारावरचा भार कमी होईल.” तळाला खडी, खडीत छिद्रांचा पाइप, वर वाळू मिसळलेली माती, तीत वाळा आणि कर्दळ; पाइपाचं दुसरं टोक गटारालाच जोडलेलं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. समजलं होतं, तरी मी चारचौघांत हसलो. त्याला अज्ञान म्हणायचीही सोय नाही.

पहिला पावसाळा वाफा बिनबोभाट चालला, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी पाणी तुंबलं, डास झाले, ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. खरं सांगतो, मला आनंद झाला. छत्री घेऊन मी मुद्दाम बघायला गेलो. ‘बुजवा आणि पेव्हर ब्लॉक टाका’ हे वाक्य तयारच होतं.

माळीबुवा तिथं आधीच उकिडवे बसले होते. साचलेल्या पाण्यात हात घालून त्यांनी खुरप्यानं तळ खरवडला आणि एक खपली वर काढली. करडी, बोटभर जाड, चिमटीत कडकन मोडणारी. वरच्या मजल्यावर एका फ्लॅटचं काम चाललं होतं. फरशी कापल्याचं पाणी आणि सिमेंटचा राडा पार्किंगवरून वाहत थेट इथं येत होता. खपली निघाली तिथं त्यांनी खुरपं खुपसलं. बुडबुडे आले, आणि पाणी उतरू लागलं. खालची माती भुसभुशीतच होती.

“साहेब, चेंबर आपण दरवर्षी उपसतो की. ह्याला कोण हात लावलाय?”

मी छत्री धरून नुसता उभा. नालेसफाईची अंदाजपत्रकं मी स्वतः केलेली. दर उन्हाळ्यात निविदा, गाळाची मापं, डंपरच्या खेपा. गटारात गाळ साचतो म्हणून गटार ही कल्पनाच फसली, असं मी कधी म्हटलं नव्हतं. तिथं ती देखभाल होती. वाफ्यात गाळ साचला की मात्र ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ इतकी वर्षं मी दोन मापं वापरत होतो, आणि एकाला तांत्रिक मत म्हणत होतो.

पावसाचं पाणी अशाच उपायांनी जागीच अडवायची अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची २०११ सालची पंचवीस वर्षांची योजना मी ‘तिकडचे लाड’ म्हणून उडवून लावली होती. नंतर ती नीट वाचली. तिचा हिशेब साधा: एकरावर पडणारा पहिला एक इंच पाऊस अडवायचा, म्हणजे मैला आणि पावसाचं पाणी एकत्र वाहणारी जुनी गटारं नदीत कमी वेळा ओसंडतील. सगळा पूर अडवायचा दावा त्यात नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस किंवा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पुण्यातल्या आंबिल ओढ्याचा पूर वाफ्यांनी आवरला नसता. तिथं ओढ्याची जागा ओढ्यालाच सोडायला हवी. पण पावसाळ्यातले बहुतेक दिवस तसे नसतात.

आता मेमध्ये चेंबरसोबत वाफाही खरवडला जातो. फ्लॅटच्या कामाला परवानगी देताना राडा तिकडे सोडायचा नाही, अशी अट असते. तुमच्या सोसायटीत असं काही करणार असाल, तर रोपांची यादी नंतर करा. गाळ कोण काढणार आणि पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे आधी ठरावात लिहून घ्या.