पंधरा एचपीचा बैल

होस्टेलवर मला सगळे 'ट्रॅक्टर' म्हणतात. आय. सी. इंजिनच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी विचारलं, "सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन कुणी जवळून पाहिलंय?" आणि मी नको तेवढ्या जोरात हात वर केला. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच!

आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. 2018-19 च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. आमची बैलजोडीही छावणीतच होती. पुढं पाऊस झाला, पण अण्णांनी जोडी विकली आणि कर्ज काढून महिंद्राचा युवराज घेतला. 15 एचपी, एकच सिलिंडर, वजन आठशे किलोच्या आत. शेजारी हसले, "खेळणं आणलं का काय?" पण हे खेळणं कपाशीच्या दोन ओळींतून जातं, चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं, आणि पीटीओला फवारणीचा पंप किंवा छोटा रोटाव्हेटर चालतो. खोल नांगरट मात्र काळ्या रानात त्याला झेपत नाही. ती आम्ही अजून भाड्यानेच करून घेतो, खोटं कशाला बोलू?

अण्णा त्याला बैलासारखंच सांभाळतात. सकाळी ऑईलची काडी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, जाळीत अडकलेला भुसा झटकायचा, एअर क्लीनरची धूळ काढायची, ग्रीस मारायचं. एका सिलिंडरचं इंजिन हादरतं फार, म्हणून नटांवर पाना फिरवायचा. आणि संध्याकाळी डिझेलची टाकी भरूनच ठेवायची. "रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं," हे अण्णांचं म्हणणं. दमट हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते हे मला इथं येऊन कळलं. अण्णा सातवी शिकलेत.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ज्वारीची पेरणी होती. वाफसा चांगला होता, पण ऊन कडक, दोन दिवसांत ओल उडाली असती. आदल्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "टाकी भर रं." मी "हो" म्हणालो आणि मोबाईल बघत बसलो.

सकाळी रानाच्या मधोमध इंजिन फडफडलं आणि बंद! मी मेकॅनिकलवाला. कॉम्प्रेशन, इंजेक्टर, टायमिंग, सगळं डोक्यात आलं, टाकी सोडून. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली. अण्णांनी येऊन टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

डिझेल ओतलं तरी चालू होईना, लाईनीत हवा शिरलेली. अण्णांनी पाना घेऊन स्क्रू ढिला केला, फीड पंपाचा दांडा हातानं मारत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. तेव्हा स्क्रू आवळला. बॅटरीसाठी शेजारच्या काकांची जीप येईपर्यंत दुपार झाली. वरच्या तुकड्यातली ओल तोवर गेली होती, तिथं ज्वारी विरळच उगवली.

व्हायवाला एक्स्टर्नलनी नेमका एअर लॉकच विचारला. धडाधड उत्तर दिलं. सर खूश, मला मात्र वरचा तुकडा दिसत होता.

आता घरी गेलो की संध्याकाळी टाकी मीच भरतो. अण्णा तरी झोपायच्या आधी बॅटरी घेऊन जातात आणि झाकण उघडून बघतात.