पोहण्याला बारा मिनिटे

सहलीला जाण्यापेक्षा सहल आखण्यात अधिक सुख असते, असे माझे फार वर्षांचे मत आहे. प्रत्यक्ष सहलीत पाय दुखतात, पाणी संपते, कोणाला तरी गाडी लागते, आणि घरी परतल्यावर या सगळ्याचे खापर ज्याने सहल सुचवली त्याच्या डोक्यावर फुटते. आखणीत यातले काही नाही. कागद, पेन्सिल, वाफाळलेला चहा आणि समोर नकाशा, एवढे असले की मनुष्य खुर्चीत बसल्या बसल्या घाट उतरतो, ओढे ओलांडतो आणि जेवणाच्या वेळेला हात धुऊन पानावर हजर होतो. आमच्या घरी मला 'टाइमटेबल' असे नाव पडले आहे. ते मला ऐकू येऊ नये अशा बेताने उच्चारले जाते, आणि मला ऐकू येते.

यंदा दसऱ्यालाच विषय निघाला. दिवाळीत मेहुणीकडे फोंड्याला जायचे ठरले होते. एक दिवस मुलांसाठी काढायचा, एवढेच शिल्लक होते. बारा वर्षांच्या चिरंजीवांना खडकाळ रस्त्यावरून उडत जाणारी जीप आणि भोवती जंगल हवे होते. सतरा वर्षांच्या थोरलीला पोहायला मिळेल असे पाणी हवे होते. सौभाग्यवतींची अट एकच : दिवे लागायच्या आत घरी. मी ताडोब्याचे नाव काढले. "बाबा, तिथल्या तळ्यात मगरी आहेत," असे थोरलीने शांतपणे सांगितले. भिऱ्याजवळचे देवकुंड सुचवले, तर तिथे चालावे लागते म्हणून चिरंजीव फुरंगटले. अखेर एकाच जागी सगळ्यांची मागणी पुरी होईल असे ठिकाण थोरलीनेच सांगितले, आणि ते फोंड्यापासून तासाभराच्या वाटेवर निघाले. दूधसागर!

नाही म्हणायला मला जागाच राहिली नाही. मग मी कागद ओढला.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगून ठेवतो. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यावरून हा धबधबा चार टप्प्यांत खाली येतो. उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडी अधिक. मधल्या अंगाला रेल्वेचा पूल आहे. पोर्तुगीज अमदानीत, १८८० च्या दशकात, मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत जी लोहमार्गाची वाट काढली, तीच ही. त्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्या तरुण मंडळींना जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. शहाण्या माणसाने कुळ्याला जावे. तिथून भगवान महावीर अभयारण्यातून जीप जातात. एका जीपमध्ये सात माणसे. पावसाळ्यात हा रस्ता बंद असतो, कारण वाटेतल्या ओढ्यांना तेव्हा रस्ता मान्य नसतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, तो उघडतो. म्हणजे दिवाळीत पाणीही भरपूर आणि वाटही मोकळी. धबधब्याखाली डोह आहे, त्यात उतरता येते, पण तरंगण्याचे जाकीट अंगात घातल्याशिवाय नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली होती.

ते का, हे सांगायचे तर मला साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी जावे लागेल. १९७९ सालचा मे महिना. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि मी सात. मळ्यातल्या विहिरीत पोरे पोहायला शिकत. शिकण्याची रीत सर्वांना ठाऊक असलेलीच : सुकवलेला भोपळा पाठीला बांधायचा आणि मामाने ढकलून द्यायचे. दादा पंधरा दिवसांत हातपाय मारायला लागला होता. पण मोठी मुले त्याला 'भोपळेभाऊ' म्हणून चिडवीत. एके दुपारी मामा बाजाराला गेला असताना दादाने भोपळा सोडला, सदरा काढून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "सांभाळ रे, आलोच."

तो सदरा मी संध्याकाळपर्यंत हातात धरून बसलो होतो, असे नंतर लोक सांगत. मला आठवते ते एवढेच की सदऱ्याला निळी पट्टी होती.

त्यानंतर आमच्या घरात पाण्याचा विषय निघत नसे. आईने बंदी अशी घातली नाही. ती काहीच बोलली नाही. नदी आली की ती काठावरूनच नमस्कार करी आणि मीही तिच्याबरोबर काठावर उभा राही. मी पोहायला शिकलो नाही. कॉलेजच्या सहलीत आणि पुढे ऑफिसच्या सहलीतही मंडळी पाण्यात उतरत आणि मी त्यांचे कपडे, घड्याळे आणि चष्मे सांभाळीत बसे. हे काम मी इतके इमानाने करी, की मला पोहता येत नाही हे कित्येकांना वर्षानुवर्षे कळलेदेखील नाही. पावसाळा आला की मी वर्तमानपत्र उलटे, शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा मी त्या दिवशीचा अंक आईच्या हाती लागू नये म्हणून कपाटात ठेवला होता. तिने तो शेजाऱ्यांकडून आणून वाचला.

असो. कागद पुन्हा ओढला, आणि मी वेळापत्रक बनवले. माझ्या आयुष्यातले ते सर्वोत्कृष्ट वेळापत्रक होते. सहाला फोंड्याहून निघणे. सव्वासातला कुळे. जीपसाठी रांग. जंगलातला रस्ता, मग जीप थांबते तिथून दगडधोंड्यांतून चालणे, त्यात आमच्या मंडळींचे विसावे. धबधबा पाहणे. छायाचित्रे. फराळ. फराळानंतर अर्थातच विश्रांती, कारण भरल्या पोटी पाण्यात उतरू नये. कपड्यांच्या जादा जोडापासून सुतळीच्या तोड्यापर्यंत सामानाची यादी. घसरणार नाहीत असे बूट, सपाता नकोत, त्या प्रवाहात वाहून जातात. शेवाळलेल्या खडकावर टाच टेकवू नये. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी एकाएकी चढते, सबब आकाशाकडे लक्ष ठेवणे. घरात सर्वांनी या कागदाचे कौतुक केले. कोणी तो नीट वाचला नव्हता.

आम्ही पुण्याहून आगगाडीने निघालो. आईही होती. तिला अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे, आणि जीपचे धक्के तिच्या कमरेला सोसणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तेव्हा सहलीच्या दिवशी ती फोंड्यालाच राहणार होती. पण दूधसागर तिला माझ्याआधी भेटला. कॅसलरॉक सोडल्यावर गाडी ब्रागांझाच्या घाटातून उतरते. सदतीस फुटांना एक फूट असा तो उतार, त्यामुळे गाडी जपून पाऊल टाकते. बाहेर मिट्ट काळोख होता. एका बोगद्यातून बाहेर पडलो आणि चाकांच्या आवाजाखालून दुसराच एक आवाज वर आला. मला वाटले आई झोपली असेल. ती खिडकीशी उठून बसली होती.

"कसला रे आवाज?"

"दूधसागर."

खिडकीतून गार तुषार आत आले. ती हात बाहेर काढील की काय या भीतीने मी उठलो, पण तिने नुसता गजाला हात लावला होता. आवाज मागे पडेपर्यंत ती तशीच बसून होती. मग "एवढं पाणी," असे म्हणून तिने शाल पांघरली.

सहलीच्या आदल्या रात्री फोंड्याला जेवणे झाल्यावर थोरलीने माझा कागद हातात घेतला. ती तो अगदी अक्षर न् अक्षर वाचत होती. तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

"बाबा, पोहायला अकरा अठ्ठावीस ते अकरा चाळीस?"

"हो."

"म्हणजे बारा मिनिटं. आणि जाकीट घालण्याची वेळ त्यातच?"

साडूंनी मोठ्याने हसून तो कागद मागून घेतला. "अहो, इथं छायाचित्रांना पंचवीस मिनिटं दिली आहेत!" सौभाग्यवती हसल्या नाहीत. त्यांना सारे ठाऊक होते. मी प्रवाहाचा जोर, खडकांचे शेवाळ, डोहाची खोली असे काहीबाही सांगू लागलो. वरून स्थिर दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात ओढ असते, हे तर खरेच आहे. मग मी म्हणालो, "आणि तुला पोहता तरी कुठं येतं?"

थोरलीने आजीकडे पाहिले. आजी वाती वळीत होती.

"येतं तिला," आई म्हणाली. "मीच नेत होते तलावावर. तू ऑफिसला गेलास की. दोन मे महिने."

मला वाटते, खोलीत कोणी काही बोलले असेल. मला ऐकू आले नाही. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणे ही! माझी आई, जिच्यासाठी मी वर्तमानपत्रे लपवीत आलो, ती छत्री घेऊन महापालिकेच्या तलावाच्या कठड्याशी तासभर उभी राही, स्वतःच्या पेन्शनमधून फी भरी, आणि नातीचे ओले केस मी यायच्या आत पुसून वेणी घालून ठेवी. धाकट्यालाही तिनेच शिकवायला लावले होते. घरात ठाऊक नव्हते ते फक्त टाइमटेबलाला.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटायची की. पहिल्या दिवशी तर मी तिथंच बाकावर बसून उलटी केली." तिने वात पुरी केली. "पण तो पोहायला शिकला म्हणून नाही रे गेला. अर्धवट शिकला म्हणून गेला. मग म्हटलं, हिला पुरतं शिकवू."

शेहेचाळीस वर्षांत दादाविषयी ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य होते.

दुसऱ्या दिवसाचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण वेळापत्रक कुळ्याच्या रांगेतच कोलमडले. जीप मिळायला साडेदहा वाजले. रस्ता म्हणजे दगडांची आरास होती. चिरंजीव प्रत्येक आदळ्याला आनंदाने ओरडत होते आणि साडू प्रत्येक आदळ्याला आपल्या मणक्यांची गणती करीत होते. ओढ्यात जीप शिरली तेव्हा पाणी दरवाजाच्या फटीतून आत आले. चालकाने कोंकणीत पाय वर घ्यायला सांगितले, आणि सातही जणांनी ते शाळेतल्या कवायतीसारखे एकदम वर घेतले. पुढे माकडांनी सौभाग्यवतींच्या चकल्यांची पिशवी पळवली. पाऊण किलो चकल्या! त्या माकडांना मी अजून क्षमा केलेली नाही.

आणि मग शेवटच्या वळणावर, झाडांच्या वर, ते पांढरे दिसले. त्या धबधब्याची एक गोष्ट सांगतात : राजकन्या स्नान करीत असता कोणी परका पाहतो आहे असे दिसले, तेव्हा तिच्या लज्जारक्षणासाठी दुधाची घागर ओतून पडदा केला. गोष्ट गोड आहे. मला मात्र समोर पाहताना दूध आठवले नाही. मला ते फार मोठे आणि फार जिवंत पाणी दिसले. उंच पुलावरून एक मालगाडी चालली होती, आणि ती मुलांच्या खेळण्यातल्या गाडीएवढी वाटत होती.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जीवरक्षक काठावर उभा होता. मी त्याला डोहाविषयी इतके प्रश्न विचारले की अखेर त्याने मलाच विचारले, "आपण परीक्षेला बसणार का?" थोरलीने नारिंगी जाकिटाचे पट्टे स्वतः आवळले, मग माझ्यापुढे उभी राहिली. "ओढून बघा." मी तिन्ही बंद ओढून पाहिले. दोनदा. तिने आपला रुमाल आणि घड्याळ माझ्या हातात दिले, आणि ती गेली.

ती किती वेळ पाण्यात होती ते मी सांगू शकत नाही. घड्याळ माझ्याच हातात होते, पण मी त्याकडे पाहिले नाही. ते नारिंगी डोके फेसाच्या कडेला जाई, वळे, आणि परत येई. हात एका लयीत पडत होते. कोणाच्या तरी हाताखाली ती नीट शिकली आहे, हे मला न पोहणाऱ्यालाही कळले. धाकटा काठालगतच होता. "बाबा, मासे पाय चावतात," असे तो ओरडला. आमच्या मागे रांगेतल्या कोणी एका गृहस्थांनी मला एक जाकीट देऊ केले. भाडे भरलेले होते, त्यांच्या मंडळींना नको होते. ते मी अंगात चढवले. घड्याळ आणि रुमाल साडूंच्या हाती दिले.

दिवे लागायच्या आत आम्ही परतलो नाही. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. थोरलीने तिला ओल्या कपड्यांनीच मिठी मारली, तेव्हा ती तिच्यावर ओरडली आणि मग तिचे केस पुसायला बसली.

"गार होतं का रे पाणी?" तिने पुसता पुसता विचारले.

"गारच होतं."

"तू उतरलास?"

"गुडघ्यापर्यंत. जाकीट घालून."

ती थोडा वेळ केसच पुसत राहिली.

"जाकिटाचं भाडं पुरतं घेतलं ना त्यांनी?" ती म्हणाली. "मग गुडघ्यापर्यंतच कशाला उतरलास?"