आंबा घाटातील हिरवा थेंब

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येताना साखरपा मागे पडले की आंबा घाटाची चढण लागते. दाट वनराई, वळणामागून वळण आणि खाली दूरवर पसरलेले कोकण. याच चढणीवर आमच्या जुन्या घेतलेल्या मोटारीचा तापमानाचा काटा वर सरकू लागला. सोबत वृद्ध मातोश्री होत्या. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते.

इंजिन निवेपर्यंत गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. त्यावर कूलंटचा हिरवा थेंब पडला. परंतु खतावणीतील फरक बेरजेत दिसतो, चूक मात्र मागच्या नोंदीत असते. तसाच थेंबही ओघळत दूर येतो. सुकलेल्या डागांचा माग वर काढला, तो वरच्या रबरी नळीच्या सैल क्लिपपाशी थांबला. क्लिप आवळून, पाणी भरून मलकापूर गाठले. तेथे नळीच बदलली.

बाहेर थेंब न दिसता कूलंट घटत असेल, एक्झॉस्टमधून सतत पांढरा धूर येत असेल वा इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी पुढे दामटू नये.