इंजिनाचा क्रमांक

आपल्या गाडीच्या मागून निघणारा धूर गाडी हांकणाराला सर्वांच्या शेवटीं दिसतो. माझ्या गाडीचा धूर प्रथम विद्यार्थ्यांनीं पाहिला, मग शेजाऱ्यांनीं, आणि अखेर एके दिवशीं सकाळीं महाविद्यालयाच्या फाटकावरील शिपायानें मला मोठ्या अदबीनें विचारलें, "सर, गाडीत डास मारायची सोय केलीया काय?" तेव्हां कोठें मी खालीं उतरून मागें गेलों. पाहतों तों निळसर धुराचा एक पडदा फाटकापासून ग्रंथालयापर्यंत पसरला होता, आणि त्याच्या पलीकडे प्राचार्य उभे होते.

गाडी प्रीमियर पद्मिनी. वडिलांनीं ती १९८८ सालीं घेतली. ते गणिताचे शिक्षक. जन्मभर सायकलवर शाळेंत गेले, आणि निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पुंजीचा मोठा भाग त्यांनीं या एका वस्तूवर खर्च केला. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें इंजिन, स्टीअरिंगच्या खांबालाच जोडलेला गिअरचा दांडा, आणि पुढें आरशासारखें चकचकणारें बंपर. तो थाट आतां कोणाला सांगून खरा वाटावयाचा नाहीं. या शतकाच्या आरंभींच या गाडीचें उत्पादन थांबलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतूनही तिनें निरोप घेतला. आमची गाडी मात्र अशा अडनिड्या वयांत आहे, कीं तिला धड नवी म्हणतां येत नाहीं आणि धड पुराणवस्तूही म्हणतां येत नाहीं. कायद्याच्या लेखीं 'विंटेज' हा मान मिळावयाला पन्नास वर्षें पुरीं व्हावीं लागतात. तिचें आणि माझें दुःख एकच. निवृत्तीला अवकाश आहे, पण धूर मात्र दिसूं लागला आहे.

शिवाजी उद्यमनगरांतल्या एका मिस्त्रींकडे मी गाडी नेली. त्यांनीं धुराकडे पाहून मान हलविली. पांढरा धूर असता तर पाणी जळतें आहे, काळा असता तर पेट्रोल जास्त जातें आहे. निळा म्हणजे ऑइल जळतें आहे, हें त्यांनीं मला पहिल्या इयत्तेंतल्या मुलाला शिकवावें तसें शिकविलें. मग चारी प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. दोन सिलिंडरांचा दाब फार कमी भरला. त्या दोहोंत चमचा चमचा ऑइल घालून त्यांनीं पुन्हा मोजलें, दाब चढला. "व्हॉल्व्हचा दोष असता तर ऑइलनं काय फरक पडला नसता," मिस्त्री म्हणाले. "रिंगा गेल्यात सर. बोअर पण खाल्लंय." तीस वर्षें मी मुलांना अनुमानप्रमाण शिकवीत आलों आहें, पण एका चमच्यानें इतकें स्वच्छ अनुमान काढलेलें मीं क्वचितच पाहिलें असेल.

नंतर त्यांनीं तीन वाटा सांगितल्या. पहिली 'हाफ इंजिन'ची: हेड उतरवावयाचें, व्हॉल्व्ह घासून बसवावयाचे, रिंगा नव्या घालावयाच्या. खर्च थोडा. दुसरी 'फुल इंजिन'ची: इंजिन पुरें खालीं उतरवून सिलिंडर लेथवाल्याकडे रिबोअर करावयाचे, मोठ्या मापाचे पिस्टन घालावयाचे, क्रँक घासून बेअरिंगें नवीं बसवावयाचीं. खर्च पुष्कळ, वेळ त्याहून पुष्कळ. तिसरी वाट म्हणजे भंगारांत निघालेल्या दुसऱ्या एखाद्या पद्मिनीचें चालतें इंजिन आणून बसविणें. तें चार दिवसांत होतें. फक्त तें इंजिन पूर्वीं कोणीं, कसें वापरलें हें देवाला ठाऊक.

"हाफवरच भागवूं या," मी म्हणालों. काटकसर हा आमचा कुलधर्म आहे.

"भागंल, पण टिकंल असं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "वरचा जोर वाढला की खालची बेअरिंगं बोंबलत्यात. आणि बोअर अंडाकृती झालं असलं तर नवी रिंग त्यात बसायची कशी? म्हातारं इंजिन हाय, त्याला अर्धं तरणं करून चालत न्हाई."

हें वाक्य मला फार लागलें. परंतु तिसऱ्या वाटेचा विचारही मला सहन होण्यासारखा नव्हता. या इंजिनावर वडिलांचा हात फिरलेला. दर रविवारीं सकाळीं बनियनवर उभे राहून ते तेलाची पट्टी ओढून पाहात, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसून पुन्हा आंत सरकवीत, आणि मग एका वहींत कांहीं तरी लिहून ठेवीत. त्यांना जाऊन आज पंधरा वर्षें झालीं. पत्रा दोनदां रंगविला, बैठका बदलल्या, टायरांची तर गणतीच नाहीं. उरलें होतें तें हें इंजिन. तें काढून टाकल्यावर गाडींत वडिलांचें म्हणून काय राहिलें?

माझा व्यवसाय तत्त्वज्ञान शिकविण्याचा. तेव्हां हा प्रश्न मनांत येतांच मीं मिस्त्रींना थीसिअसच्या जहाजाची कथा सांगावयाला सुरुवात केली. अथेन्सच्या लोकांनीं तें जहाज जपून ठेवलें. कुजलेली फळी काढीत गेले आणि नवी बसवीत गेले. मग तें तेंच जहाज राहिलें कीं नाहीं याविषयीं पंडितांत वाद माजला, असें प्लुटार्क सांगतो. पुढें हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीं जमवून त्यांचें दुसरें जहाज बांधलें, तर खरें कोणतें? मिस्त्रींनीं हात पुसत सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "जहाजाचं मला काय ठावं न्हाई, सर. गाडीचे कागद आणा. इंजिन बदलायचं झालं तर नंबर बघावा लागंल."

घरीं जाऊन कपाटांतून वडिलांची फाईल काढली. तींत जुनें नोंदणी-पुस्तक होतें आणि त्याला सुतळीनें बांधलेली ती वहीही होती. दोन्ही घेऊन मी गॅरेजांत परत आलों. मिस्त्रींनीं पुस्तकाचीं दोन पानें उलटलीं, वांकून ब्लॉकवरील अक्षरें फडक्यानें पुसलीं, पुन्हा पुस्तक पाहिलें, आणि सहज म्हणाले, "हे तर आधीच एकदा बदललंय की."

पुस्तकांत मूळ क्रमांक खोडून त्याखालीं दुसरा क्रमांक लिहिला होता. शेजारीं कार्यालयाचा शिक्का आणि साल १९९७.

मीं तेथेंच एका लांकडी पेटीवर बसून वही उघडली. वडिलांचें अक्षर गणिताच्या माणसाचें, सुटें आणि सरळ. किती पेट्रोल घातलें, किती किलोमीटर झाले, ऑइल केव्हां बदललें, सर्व रकाने आंखलेले. १९९७ च्या नोव्हेंबरांत मात्र रकाने ओलांडून चार ओळी होत्या: 'इंजिन बदललें. जुन्याचा ब्लॉक फुटला होता, दुरुस्तीस उपाय नव्हता. खोलीचें काम पुढें ढकललें. चिरंजीवांस कळवूं नये. त्यास गाडी चालविण्याची भीति बसेल.'

आणि मला आंबा घाट आठवला. आमचें नुकतेंच लग्न झालें होतें. रत्नागिरीहून परत येतांना घाट चढत असतां समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागला. तो ऑइलचा दिवा आहे आणि तो लागतांच गाडी जागच्या जागीं थांबवावयाची असते, हें वडिलांनीं मला दहा वेळां सांगितलें होतें. परंतु शेजारीं नवी पत्नी बसली होती. तिच्यादेखत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभें राहणें मला कमीपणाचें वाटलें. मलकापूर येईपर्यंत मी तसाच गाडी दामटीत राहिलों. तेथें इंजिनांतून कोणी आंतून घण मारावा तसा आवाज झाला आणि सर्व शांत झालें. गाडी दोर बांधून कोल्हापुरास आणली. पंधरा दिवसांनीं वडिलांनीं किल्ली माझ्या हातीं दिली आणि म्हणाले, "किरकोळ काम होतें."

खोलीचें काम म्हणजे काय हें मला विचारावयाची जरुरी नव्हती. गच्चीवर एक खोली बांधून तींत आपलीं पुस्तकें लावावीं, हा त्यांचा फार दिवसांचा मनोरथ होता. विटांचा भावही काढून ठेवला होता. ती खोली कधींच झाली नाहीं. वडिलांचा निश्चय होत नाहीं, अशी मीं त्यांची जेवतांना थट्टाही केलेली आहे. ते हंसत आणि वरणाची वाटी पुढें सरकवीत.

त्या संध्याकाळीं मीं आईला विचारलें, "तुला हें ठाऊक होतें?"

"तर!" ती म्हणाली. "माझ्याकडून वचन घेतलें होतें. आतां तुझा तूंच वाचलास, त्यांत माझा दोष नाहीं."

रात्रीं मला झोप आली नाहीं. वडिलांची आठवण म्हणून जें मी जपत होतों, तें त्यांनीं बसविलेलें कोणा परक्याचें इंजिन होतें. आणि तें तेथें होतें तें माझ्या चुकीमुळें. थीसिअसच्या जहाजाची कथा वर्षानुवर्षें सांगणाऱ्या माणसानें आपल्या गाडीचें नोंदणी-पुस्तक एकदांही उघडून पाहिलें नव्हतें. पण याहून एक गोष्ट अधिक बोंचली. वडिलांनाही ती गाडी प्रिय होती. तिचें पहिलें इंजिन तर त्यांनीं स्वतः नवें कोरें घेतलेलें. तरी ब्लॉक फुटला आहे हें दिसतांच त्यांनीं तें टाकलें. ममत्व कोठें ठेवावें आणि मोजमाप कोठें करावें, हें त्यांना कळत होतें. त्यांनीं वांचविलें तें इंजिन नव्हतेंच. त्यांनीं माझी भीड वांचविली होती.

दुसऱ्या दिवशीं मी मिस्त्रींना म्हणालों, "इंजिन कोणाचें हा प्रश्न सोडून द्या. तें कसें आहे तेवढें सांगा."

इंजिन उतरविलें. ब्लॉक कोठें चिरलेला नव्हता. सिलिंडरचें मूळ माप ६८ मिलिमीटर. लेथवाल्यानें गेजनें वर, मध्यें, खालीं, आडवें, उभें मोजून पाहिलें आणि सांगितलें, कीं झीज आहे, पण एका रिबोअरला अजून धातु शिल्लक आहे. क्रँकवर ओरखडे होते, तेही घासून जाण्याजोगे. फुटलेलें असतें तर वडिलांप्रमाणें बदललें असतें. वरचेंच बिघडलें असतें तर हाफवर भागविलें असतें. तें नुसतें झिजलेलें होतें, म्हणून पूर्ण काम करावयाचें ठरलें. निर्णयाला पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. तीन आठवडे मी ज्या गोष्टीवर विचार करीत होतों ती गोष्ट इंजिन नव्हतीच.

आतां गाडी धूर सोडीत नाहीं. मात्र पहिले हजार किलोमीटर ती बेतानें चालवावयाची आहे. नव्या रिंगा आणि नवें बोअर यांची एकमेकांशीं ओळख व्हावयाची असते. आईला शेजारीं बसवून मी रोज संध्याकाळीं रंकाळ्याला एक हळू फेरी घालतों. मागचे लोक भोंगे वाजवितात. ऑइलच्या दिव्याकडे माझें लक्ष रस्त्यापेक्षां अधिक असतें, अशी आईची तक्रार आहे.

वहींत वडिलांच्या शेवटच्या नोंदीखालीं मीं तारीख, किलोमीटर आणि केलेलें काम लिहिलें आहे. यंदा मुलगी गाडी शिकते आहे. पहिल्याच दिवशीं मीं तिला तो तांबडा दिवा दाखविला आणि आंबा घाटाची हकीकत वगळल्याशिवाय सांगितली. गच्चीवर खोली बांधण्याइतकी शिल्लक या कामानें ठेविली नाहीं. पण माळ्यावरच्या दोन ट्रंका मीं खालीं उतरविल्या आहेत, आणि वडिलांचीं पुस्तकें सध्यां बैठकीच्या खोलींत भिंतीशीं रचून ठेविलीं आहेत.