दिवाळीनंतरची दिवाळी

आमच्याकडे कनेक्टिकटमध्ये बर्फाचे दिवस साधारण डिसेंबरपासून. ऑक्टोबर म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा महिना. पण २०११ साली सगळंच उलटं झालं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला, बुधवारी होतं. इथे सुट्टी कुठली? त्यात आमचं रिलीज तोंडावर आलेलं. घरी पोचलो तेव्हा सहा वर्षांची लेक झोपली होती आणि तिने केलेला कागदी आकाशकंदील टेबलावर पडला होता. "शनिवारी नक्की लावू," असं दुसऱ्या दिवशी सांगून मी सुटलो.

शनिवारीही लॅपटॉप उघडून बसलोच होतो म्हणा. दुपारी बर्फ सुरू झाला. ओला, जड बर्फ. झाडांवर पानं अजून तशीच होती, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर साठत गेला. संध्याकाळपासून कडाड् कडाड् फांद्या मोडू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर विजेच्या ताराही. हार्टफर्डजवळच्या विमानतळावर १२.३ इंच बर्फ मोजला गेला, तिथला ऑक्टोबरमधला विक्रम! राज्यात आठ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. त्यात आम्हीही आलोच.

खरं सांगायचं तर लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी नुसती चिडचिड केली. मग मोबाइलनेही मान टाकली. आता करणार काय? हीटिंग बंद, म्हणून तिघंही एकाच खोलीत रजया घेऊन बसलो. बायकोने काडीने गॅस पेटवून पिठलं-भात केला. उरलेल्या पणत्या बाहेर आल्या, चकल्यांचा डबाही आला. लेक तिचा कंदील घेऊन आली. बल्ब लागणं शक्य नव्हतं, म्हणून आत टॉर्च बांधला.

त्या उजेडात ती हसली आणि मला दिसलं, पुढचा एक दात नाही.

"अगं, हा कधी पडला?"

"बाबा, दसऱ्याला!"

म्हणजे तीन आठवडे झाले होते. मला पत्ताच नव्हता. मग ती बोलतच राहिली, मैत्रिणी, शाळा, टीचर... मी ऐकत होतो.

मंगळवारी रात्री वीज आली. फ्रीज घरघरला, दिवे लागले. लॅपटॉप चार्जिंगला लावायला मी सवयीने उठलो. लेकीने धावत जाऊन खोलीतला दिवा बंद केला. म्हणाली, "अजून थोडा वेळ."

मी परत रजईत शिरलो.

असो. रिलीज दोन आठवडे पुढे गेलं. कुणाचं काहीही अडलं नाही.