इंजिनाचे पाठभेद

पाठचिकित्सेच्या वर्गात विद्यार्थ्यांना एक गोष्ट पटवून देणे नेहमीच अवघड जाते. ती अशी की, हस्तलिखिते मोजायची नसतात, त्यांचे वजन करायचे असते. एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या वीस प्रती म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, आवाज मात्र वीस. हे तत्त्व पुस्तकातून कळते. पण चुकीचा पाठ स्वीकारल्याची किंमत प्रत्यक्षात काय असू शकते, हे आम्हां दोघा भावांना गेल्या वर्षी एका मोटारीच्या इंजिनाने शिकवले. आमच्यापैकी एक साहित्य शिकवतो, दुसरा कारखान्यातील यंत्रे सांभाळतो. एरवी या दोन व्यवसायांना एकमेकांशी बोलण्याचे फारसे कारण पडत नाही.

मोटार वडिलांची. २००२ साली घेतलेली होंडा सिटी, १.५ व्हीटेक. १४९३ सीसी आणि १०६ अश्वशक्ती हे आकडे आज कुणाला थक्क करणार नाहीत. पण त्या काळी भारतीय रस्त्यावर मध्यमवर्गीयाला मिळू शकणाऱ्या वेगवान गाड्यांत तिची गणना होई, आणि तिचे चाहते आजही तिच्याविषयी हळवे आहेत. या इंजिनाची खुबी तेलाच्या दाबात आहे. विशिष्ट वेगानंतर तेलाच्या दाबाने एक लहानशी पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि झडपा अधिक उंच, अधिक वेळ उघडू लागतात. म्हणजेच तेलाचा दाब घसरला की या गाडीचा स्वभावच हरवतो. वडील गेल्यानंतरच्या वर्षात नेमके तेच झाले. तेल जळू लागले, वरचा वेग येईना आणि इंजिनाच्या तळातून खोल ठोका ऐकू येऊ लागला. आई म्हणाली, “विकून टाका.” भंगाराचा भाव आला होता, इंजिन उघडण्याचा खर्च त्याहून अधिक होता. तरीही आम्ही ते उघडले, कारण वडिलांच्या हातची एवढी एकच चालती वस्तू घरात उरली होती.

सुटे भाग मिळवणे ही पहिली परीक्षा. हे मॉडेल २००३ साली बंद झाले. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात, दिल्लीला कश्मीरी गेट आणि मायापुरीत, चेन्नईला पुदुपेटेत अशा ठिकाणी ओळखीपाळखीने विचारणा सुरू झाली. ही सिटी मुळात आग्नेय आशियाच्या बाजारपेठेसाठी घडवलेली आणि १९९६ साली प्रथम थायलंडमध्ये विकली गेलेली असल्यामुळे काही भाग तिकडूनही मागवावे लागले. या शोधात ‘ओरिजिनल’ हा शब्द आम्ही इतक्या अर्थांनी ऐकला की त्याचा स्वतंत्र कोश व्हावा. कंपनीच्या डब्यातला भाग ओरिजिनल, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या डब्यातला ओरिजिनल, अपघातग्रस्त गाडीतून काढलेला तर अगदी ओरिजिनल! एका विक्रेत्याने दाखवलेल्या बेअरिंगच्या डब्यावरची छपाई निर्दोष होती, आतल्या शेलच्या कडा मात्र एकसारख्या नव्हत्या. मुखपृष्ठावरून ग्रंथाची प्रामाणिकता ठरत नाही, हे येथेही खरे. अखेरीस आम्ही एक नियम केला. रॉकर, झाकणे, ब्रॅकेट हे जुन्या इंजिनातून मोजून घेतले तर चालतील. बेअरिंग, रिंगा, गॅस्केट, ऑइल सील, टायमिंग बेल्ट हे नवेच हवेत. पाण्याचा पंप बेल्टवरच चालतो, तेव्हा बेल्ट उतरवला असताना तोही बदलावा.

दुसरी परीक्षा सल्ल्यांची. सल्ला देणाऱ्यांत अनुभवी मेकॅनिक होते, हौशी मित्र होते आणि ऐकलेले पुढे सांगणारेही होते. टायमिंग बेल्टचा ताण बसवताना क्रँक हाताने फिरवावा लागतो. पाच जणांनी सांगितले, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. एका वृद्ध मेकॅनिकने शांतपणे सांगितले, “हिचं उलटं आहे.” बहुतेक मोटारींची इंजिने काट्यांच्या दिशेने फिरतात; होंडाच्या त्या पिढीतील ही इंजिने उलट दिशेने फिरतात. पाच जण खोटे बोलत नव्हते. त्यांनी नेहमीची गोष्ट येथे लावली होती, जसा एखादा लेखनिक अपरिचित शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द लिहून मोकळा होतो. कठीण पाठाला अधिक मान द्यावा, असे संपादनशास्त्र सांगते ते यासाठीच. कंपनीच्या मॅन्युअलने त्या एकट्या साक्षीदाराला दुजोरा दिला.

खरा पेच मात्र घरातच निघाला. वडील गाडीची वही ठेवीत. पेट्रोल, तेल, किलोमीटर, दुरुस्ती, सारे त्यांच्या वळणदार अक्षरात. २०११ सालच्या एका नोंदीत होते: इंजिन उघडले, पाचही मेन बेअरिंग नवी, हिरवी. येथे रंगाला अर्थ आहे. या इंजिनाच्या बेअरिंगच्या शेल एकाच जाडीच्या नसतात. ब्लॉकवर कोरलेली अक्षरे आणि क्रँकवर कोरलेले आकडे कोष्टकात जुळवले की प्रत्येक जागेचा रंग निघतो. एका रंगातून शेजारच्या रंगात जाडीचा फरक मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा असतो, पण तेलाचा दाब त्याच फटीवर तोलला जातो. आम्ही खुणा घासून वाचल्या. कोष्टकाप्रमाणे पाच जागांना मिळून तीन रंग हवे होते. वहीत एकच होता.

धाकट्याचा आग्रह वहीचा होता. वडिलांनी लिहिले आहे, त्यानंतर गाडी बारा वर्षे चालली, मग पुन्हा हिरवीच घालावीत. थोरल्याचे म्हणणे, मूळ खुणांवर जावे. त्या चार दिवसांत आम्ही एकमेकांशी जे बोललो ते बेअरिंगविषयी नव्हते, हे दोघांनाही कळत होते. शेवटी तिसरा मार्ग घेतला. नव्या शेल बसवून जर्नलवर मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा ठेवायचा, टोपी ठरल्या जोराने आवळायची, क्रँक न हलवता पुन्हा खोलायची आणि चपटा झालेला धागा कागदी पट्टीशी ताडून फट मोजायची. चार जागी कोष्टक खरे ठरले. मधल्या, तिसऱ्या जागी धागा पुरेसा चपटला नाही. तिथली झीज कोष्टकाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. तेथे हिरव्याऐवजी एक पायरी जाड, तपकिरी शेल लागली.

वही खोटी नव्हती. जे घडले ते तिने इमानाने नोंदवले. मात्र जे घडले ते योग्य नव्हते. बहुधा दुकानात होता तो रंग कारागिराने पाचही जागी बसवला असावा. विश्वासू साक्षीदार आणि शुद्ध पाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याविषयीचा आदर दुसऱ्याच्या शोधात आड येऊ द्यायचा नसतो. वडिलांच्या बाबतीत हे स्वीकारणे आम्हांला जड गेले, हेही सांगितले पाहिजे.

भांडारकर संस्थेच्या महाभारताविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. १९२५ साली सुखटणकरांनी सूत्रे हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली ती चिकित्सक आवृत्ती जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. आमचे इंजिनही तसेच आहे. या रूपात ते कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेले नाही. परंतु तुलना येथे थांबते. संपादकाने नाकारलेला पाठ तळटीपेत जिवंत राहतो. लेथवाल्याने तासलेला धातू परत येत नाही. “एवढं उघडलंच आहे तर बोअर करून टाका,” असे अनेकांनी सुचवले. मूळ व्यास ७५ मिलिमीटर. आमचे सिलिंडर ७५.०३ भरले, मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत. बोअर न करता केवळ होनिंग करून नव्या रिंगा घातल्या. पुढे कुणाला गरज पडली तर त्याच्यासाठी तो धातू शिल्लक आहे.

इंजिन आता पूर्ण वेगापर्यंत जाते आणि तळाचा ठोका गेला आहे. अलीकडे आमच्याकडेही कुणी सल्ला विचारतो. तेव्हा आम्ही मत देण्याआधी माप सांगतो, ते कोणत्या साधनाने घेतले ते सांगतो, आणि काय केवळ ऐकीव आहे तेही सांगतो. वडिलांच्या वहीत २०११ च्या नोंदीवर आम्ही काट मारलेली नाही. शेवटच्या नोंदीखाली तारीख, किलोमीटर, पाचही फटींची मापे आणि पाचही रंग क्रमाने लिहिले आहेत. तिसऱ्या रंगापुढे कंसात कारण दिले आहे.